मुदखेडची मुलगी, परदेशातला पासपोर्ट आणि 'भ्र.'चा इतिहास

परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठवाड्यातल्या मुली आम्हाला हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. पासपोर्टची दहा वर्षं संपत आली, मधल्या काळात लग्न झालं, आता नवा पासपोर्ट काढताना नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावावं लागेल का? सासरचे म्हणतात लाव. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, कशाला भानगड. आईवडील म्हणतात, तुमचं तुम्ही बघा, पण लोक काय म्हणतील.

कायद्याचं उत्तर एका ओळीचं आहे. लागत नाही. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असं हिंदू विवाह कायदा १९५५ सांगत नाही, विशेष विवाह कायदा १९५४ सांगत नाही आणि पासपोर्ट कायदा १९६७ सुद्धा सांगत नाही. तरीही हा प्रश्न संपत नाही, कारण तो कायद्यातून आलेलाच नाही. तो कुठून आला हे बघायचं तर दूतावासाच्या खिडकीपासून मागे मागे येत मुदखेडच्या तहसील कचेरीपर्यंत यावं लागतं.

मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. निजामाच्या काळात इथून रेल्वे गेली आणि हे जंक्शन झालं. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरून आदिलाबादकडे जाणारा फाटा इथूनच निघतो. आज फुलशेतीसाठी हा तालुका ओळखला जातो. या भागातल्या कोणत्याही जुन्या घरातला महसुली कागद काढून बघा. हैदराबाद संस्थानात कागद उर्दू-फारसीत चालत. पुरुषाच्या नावापुढे 'वल्द', म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'जौजे', म्हणजे अमक्याची बायको. नवरा मेला की 'बेवा'. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामशाही गेली. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, कागद मराठी झाले. 'वल्द'चं झालं 'पि.', म्हणजे पिता. 'जौजे'चं झालं 'भ्र.', म्हणजे भ्रतार. 'अमुकबाई भ्र. तमुक' अशी नोंद आमच्याकडच्या सातबाऱ्यावर, मतदार यादीत आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर प्रगटनात आजही सापडते. राजा बदलला, भाषा बदलली, लिपी बदलली. बाई मात्र एका खुंटीवरून काढून दुसऱ्या खुंटीला बांधावी तशी नवऱ्याच्या नावाला बांधलेलीच राहिली. एवढं टिकाऊ सातत्य दुसऱ्या कोणत्या सरकारी खात्याने राखलं असेल असं आम्हाला वाटत नाही.

या जुन्या नोंदींत आणखी एक गोष्ट दिसते. आमच्या आजी-पणजीच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी आडनावच नाही. आडनाव ही शाळेच्या रजिस्टरातून आणि नोकरीच्या अर्जातून आपल्याकडे आलेली वस्तू आहे. म्हणजे 'पूर्वापार चालत आलेलं सासरचं आडनाव' म्हणून जे आज सुनेच्या गळ्यात घातलं जातं, ते कित्येक घरांत तीन पिढ्यांपेक्षा जुनं नाही.

बाईला स्वतःचं नाव असतं हे या देशाला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मान्य करावं लागलं ते १९५१-५२च्या सार्वत्रिक निवडणुकीत. प्रौढ मताधिकार बाबासाहेबांच्या संविधानाने दिला होता. यादी करायला कर्मचारी दारोदार गेले, तर लाखो बायांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली की मतदाराचं स्वतःचं नाव असल्याशिवाय नोंद नाही. सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाख नावं, मुख्यतः उत्तर भारतातल्या राज्यांत, यादीबाहेर राहिली. काही जणांना तेव्हा हे कठोर वाटलं. आम्हाला ते योग्य वाटतं. ज्या प्रजासत्ताकात एक व्यक्ती, एक मूल्य हे तत्त्व आहे, तिथे 'अमक्याची बायको' हा मतदार असूच शकत नाही. पण गंमत अशी की निवडणूक आयोगाने जे १९५२ साली नाकारलं, ते इतर सगळ्या कचेऱ्यांत चालूच राहिलं.

आता परदेशाकडे येऊ. महाराष्ट्रातून शिकायला समुद्रापार गेलेल्या पहिल्या बायकांची नावं आपण शाळेत वाचतो. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांचं माहेरचं नाव यमुना. नऊ वर्षांच्या मुलीचं लग्न झालं आणि नवऱ्याने ती आनंदी केली. म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या महाविद्यालयाच्या पदवीवरचं 'आनंदी' हे नाव तिला जन्माने मिळालेलं नाही. पदवी कमावली तिने, नाव मात्र नवऱ्याने दिलेलं. दुसऱ्या डॉ. रखमाबाई. सुतार समाजातल्या. बालपणी झालेलं लग्न त्यांनी नाकारलं, दादाजी भिकाजीने नांदायला येण्यासाठी लावलेला खटला १८८४ ते १८८८ चालला, तुरुंगात जाईन पण जाणार नाही अशी भूमिका त्यांनी घेतली आणि १८८९ मध्ये लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या. जगाने त्यांना ओळखलं ते नुसत्या 'रखमाबाई' या नावाने. ना बापाचं शेपूट, ना नवऱ्याचं. आणि तिसरं नाव परदेशात न गेलेल्या बाईचं, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं. १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई विवाहित होत्या, पण पुस्तकावर नाव आलं ते सत्यशोधक बापूजी हरी शिंदे यांच्या मुलीचं. नवऱ्याचं नाव इतिहासाने जवळजवळ लक्षातच ठेवलेलं नाही. ब्राह्मण घरातल्या सुधारकी नवऱ्याने बायकोचं नाव बदललं आणि बहुजन घरातल्या दोघींनी स्वतःचं राखलं, हे अपघाताने घडलं असं म्हणणाऱ्यांनी सत्यशोधक चळवळीचा इतिहास एकदा वाचावा.

तेव्हा पासपोर्ट सक्तीचा नव्हता. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले तेव्हाही नव्हता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने तो सक्तीचा केला आणि १९२० साली त्यासाठी कायदा केला. पण त्याच्या कितीतरी आधी एका वर्गाला कागदाशिवाय बोटीवर चढता येत नव्हतं. तो वर्ग म्हणजे मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, फिजीच्या मळ्यांवर करारावर नेलेले मजूर. मॉरिशसला मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक त्यांच्यातलेच, त्यात कोकणातले पुष्कळ. गिरमिटियांच्या परवान्यावर नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरच्या खुणा आणि जात असे रकाने असत. एकट्या निघालेल्या बाईकडे तर अधिकारी संशयानेच बघत. ती कोणाची बायको, नवऱ्याला सोडून पळाली आहे का, याची चौकशी होई. सवर्ण बॅरिस्टर विलायतेला जाताना ज्याला जातीचा रकाना भरावा लागला नाही, तो मजुराला भरावा लागला. भारतीय पासपोर्टचा इतिहास लिहिणारे बॅरिस्टरांपासून सुरुवात करतात. आम्ही ती या मजुरांच्या परवान्यापासून करतो.

महायुद्धानंतर पासपोर्टची पुस्तिका कशी असावी हे राष्ट्रसंघाच्या १९२०च्या पॅरिस परिषदेत ठरलं. या पुस्तिकेत नवऱ्याच्या वर्णनाशेजारी 'वाइफ' असा रकाना असे. उंची, डोळ्यांचा रंग, तिचा फोटो, सगळं नवऱ्याच्या पुस्तिकेत. बाई म्हणजे पुरुषाचं सामान, फरक इतकाच की तिच्यावर फोटो चिकटवलेला. हे फक्त आपल्याकडे नव्हतं. अमेरिकेत गुलामगिरीविरोधी लढ्यातल्या ल्युसी स्टोन यांनी १८५५ साली लग्न करूनही स्वतःचं नाव ठेवलं. पुढे १८७९ साली शाळा मंडळाच्या मतदानात, नवऱ्याचं आडनाव लावत नाही म्हणून त्यांचं नाव मतदार यादीतून काढलं गेलं. पत्रकार रूथ हेल यांना १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच्या नावाने पासपोर्ट नाकारण्यात आला. १९२५ साली डोरिस फ्लाइशमन यांना तो मिळाला. माहेरच्या नावाने अमेरिकी पासपोर्ट मिळालेली ती पहिली विवाहित स्त्री. त्यामुळे 'नाव न बदलणं ही पाश्चात्यांची नक्कल' म्हणणाऱ्यांना सांगायला हवं की नवऱ्याचं आडनाव लावणं हीसुद्धा पाश्चात्यांची चाल होती, आणि तिकडच्या बायकांनी ती शंभर वर्षांपूर्वी मोडायला घेतली.

स्वातंत्र्यानंतर पासपोर्ट आपोआप सर्वांचा झाला असं समजू नका. १९४७ ते १९६७ या वीस वर्षांत पासपोर्ट हा हक्क नव्हता, सरकारची मेहेरबानी होती. या काळाचा अभ्यास कलात्मिका नटराजन यांनी केला आहे. कमी शिकलेले, मजूर, फेरीवाले परदेशात गेले तर देशाची अब्रू जाईल, ही धारणा अधिकाऱ्यांच्या डोक्यात होती आणि त्या 'अनिष्ट' माणसांमध्ये कोण मोडत होतं हे आमच्या वाचकांना फोड करून सांगायला नको. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि सरकारला मनमानी करता येणार नाही. त्यानंतर घाईघाईने वटहुकूम आणि जूनमध्ये पासपोर्ट कायदा आला. २५ जानेवारी १९७८च्या मनेका गांधी निकालाने कलम २१चा अर्थ आणखी रुंद केला. कलम १४ आणि २१ नसती तर हे दोन्ही निकाल कशावर उभे राहिले असते?

आणि तरी पासपोर्टमधली वर्गवारी गेली नाही. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर'ची नोंद येते, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी हवी. त्यात बाईसाठी ३० वर्षं वयाची अट वेगळी. जानेवारी २०१८ मध्ये तर अशा लोकांना नारिंगी रंगाचा पासपोर्ट द्यायचं ठरलं होतं. विमानतळावर लांबूनच कळावं, हा कोण आहे ते. गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू आठवून आपल्यातल्या अनेकांच्या अंगावर काटा आला. टीका झाल्यावर महिनाअखेरीस निर्णय मागे घेतला.

आता त्या मुलीकडे परत येऊ. समजा, ती मुदखेड तालुक्यातल्या बौद्ध कुटुंबातली आहे. दहावीचं प्रमाणपत्र वडिलांच्या नावाने. पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची, तीही त्याच नावाने. जातीचं प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र त्याच नावाने, कारण जात जन्माने ठरते, लग्नाने नाही. वल्सम्मा पॉल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते स्पष्ट केलंच आहे. आणि ते वैधता प्रमाणपत्र कसं मिळतं हे काय सांगायचं? १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत बापाने किती शाळांचे निर्गम उतारे, किती पाहणी पत्रकं काढली, समितीच्या किती फेऱ्या मारल्या, तेव्हा तो एक कागद हातात आला. त्या कागदावर राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती किंवा राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली. वर्षाला ७५ मुलामुलींत तिचा नंबर लागला. पासपोर्टही याच नावाने. तिच्या आयुष्यातला प्रत्येक कमावलेला कागद एका नावाने बोलतो.

आणि लग्नानंतर, पासपोर्टची मुदत संपताना, सासर म्हणतं की या सगळ्यांत जो कागद जगभर चालतो तेवढा एक वेगळ्या नावाने कर.

यात एक तांत्रिक घोळ आहे, तो नीट समजून घ्या. मराठी नाव तीन शब्दांचं. पासपोर्टवर मात्र रकाने दोनच, दिलेलं नाव आणि आडनाव. मधलं नाव दिलेल्या नावात जातं. म्हणजे मराठी बाईने 'लग्नानंतरचं नाव' घेतलं की तीनपैकी दोन शब्द बदलतात आणि नवऱ्याचं नाव तिच्या स्वतःच्या नावाचाच भाग बनून बसतं. परदेशातली बँक, दवाखाना, कंपनी तिला तिचं आणि नवऱ्याचं अशा जोडनावाने हाका मारू लागते. पंजाबी किंवा बंगाली बाईचं फक्त आडनाव बदलतं. आपल्याकडे बाप काढून त्याच जागी नवरा बसवला जातो. मनुस्मृतीत स्त्रीने बालपणी बापाच्या, तारुण्यात नवऱ्याच्या ताब्यात राहावं असा जो क्रम सांगितला आहे, तो आपण मधल्या नावाच्या रकान्यात तंतोतंत पाळतो. आणि वर २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिनही साजरा करतो.

बरं, पासपोर्टचं 'नूतनीकरण' असं खरं तर काही नसतं. मुदत संपली की नवी पुस्तिका, नवा नंबर. नाव तेच ठेवलं तर काम सरळ असतं. परदेशात नाव बदलायचं म्हटलं की विवाह प्रमाणपत्र किंवा दोघांचं फोटोसह प्रतिज्ञापत्र, नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत, काही प्रकारांत वर्तमानपत्रातल्या जाहिराती आणि राजपत्र. शिवाय मुदखेडच्या कायमच्या पत्त्यावर पोलीस चौकशी जाऊ शकते. जुन्या पुस्तिकेतला व्हिसा जुन्या नावाचा, म्हणून दोन्ही पुस्तिका बाळगत फिरायचं. नोकरीचं पत्र, बँक, पदवी, सगळीकडे 'या दोघी एकच' हे सिद्ध करत राहायचं. पुरुषाला जन्मात कधी हे सिद्ध करावं लागतं का, की लग्नाआधीचा तो आणि नंतरचा तो एकच माणूस आहे?

इथे कोणी म्हणेल, नाव बदलण्यात आमच्या मुलींचा फायदाही असतो. आडनावावरून जात कळते, ती झाकली जाते. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट'मध्ये स्वतःच्या संस्कृत शिक्षणाची कहाणी लिहिली आहे. संस्कृतात एम.ए. झालेल्या कुमुद सोमकुवर यांना महार जातीची म्हणून नोकरीसाठी दारोदार भटकावं लागलं. आंतरजातीय लग्न झालं, सोमकुवरची पावडे झाली आणि मग नोकरी मिळाली. त्या स्वतःच विचारतात की हे श्रेय कोणाचं, आणि सांगतात की ती जुनी सोमकुवर अजून वंचितच आहे. मराठीत लग्नानंतरच्या नावाबद्दल याहून जळजळीत काही लिहिलं गेल्याचं आम्हाला माहीत नाही. बाई तीच, बुद्धी तीच, पदवी तीच. दार उघडलं ते आडनावाने. म्हणून आम्ही म्हणतो की सवर्ण स्त्रीवादी जेव्हा 'नाव' हा फक्त स्त्री-पुरुषाचा प्रश्न म्हणून मांडतात तेव्हा त्या अर्धंच बोलतात. आपल्या मुलीच्या नावात बाप आणि नवरा यांच्याबरोबर जातही बसलेली असते, आणि ती परदेशातही उतरत नाही. सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीय भेदभावाविरुद्ध नियम करावा लागला तो उगाच नाही. तिथे भारतीय माणूस भारतीय माणसाला पहिल्यांदा आडनावच विचारतो.

पण झाकण्याने प्रश्न सुटत नाही हेही कुमुदताईंच्याच अनुभवात आहे. ज्या कांबळे-वाघमारे-सोनकांबळे आडनावाच्या मुलीने शिष्यवृत्ती घेऊन परदेशी विद्यापीठ गाठलं, तिचं तेच आडनाव तिथल्या पदवीवर, शोधनिबंधावर, पासपोर्टवर राहिलं तर त्या आडनावाचाच अर्थ बदलतो. बाबासाहेबांच्या नावात 'रामजी' अखेरपर्यंत राहिलं आणि गावावरून आलेलं एक आडनाव जगाने आदराने घ्यायला शिकलं.

आणि नावाला महत्त्व नाही असं निदान मराठवाड्याने तरी म्हणू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव आपली घरं जळाली. नांदेड जिल्हा त्यात सर्वात जास्त होरपळला. ४ ऑगस्ट १९७८ रोजी टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारलं गेलं. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी नावासाठी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका नावासाठी सोळा वर्षं. ज्या समाजाने हे केलं त्याच समाजात, विहारातून बाहेर पडताच मुलीचं नाव बदलून टाकतात आणि त्याला 'नावात काय आहे' म्हणतात? विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा जुन्या पदव्या बाद झाल्या नाहीत, 'ही दोन विद्यापीठं एकच' असं प्रतिज्ञापत्र कोणाला करावं लागलं नाही. बाईला करावं लागतं.

बौद्ध विवाहाबद्दल थोडं कडू बोलतो. बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत लिहिलेल्या एका पत्रात बौद्ध विवाहविधी किती साधा आहे हे सांगितलं आहे: होम नाही, सप्तपदी नाही. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिण्याचा प्रकार त्यात कुठून आला? सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीविषयीची कर्तव्यं सांगितली आहेत. तिचा मान राखणं, तिच्याशी एकनिष्ठ राहणं, घरातला अधिकार तिच्याकडे सोपवणं. नाव बदलणं त्यात नाही. थेरीगाथेतल्या थेरी स्वतःच्या नावाने बोलतात, दासी असलेली पुण्णिकासुद्धा. विशाखेच्या बाबतीत तर उलटं झालं, सासऱ्याने सुनेला आई मानलं आणि ती 'मिगारमाता' म्हणून ओळखली गेली.

कोणी माईसाहेबांचं उदाहरण देतं. १५ एप्रिल १९४८ रोजी नोंदणी पद्धतीने लग्न झालं आणि डॉ. शारदा कबीर या सविता आंबेडकर झाल्या, हे खरंच आहे. पण त्याच बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपद सोडलं. १९४८ साली एका घरात काय झालं याची नक्कल करायची, की त्या माणसाने देशातल्या सगळ्या बायकांसाठी जे मागितलं ते पुढे न्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमचं ठरलेलं आहे.

सरकारचं धोरण या बाबतीत दोन पावलं पुढे, एक मागे असं चाललं आहे. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सोपे केले; विवाहित अर्जदाराला विवाह प्रमाणपत्राची सक्ती काढली, विभक्त किंवा घटस्फोटित व्यक्तीला जोडीदाराचं नाव देण्याची गरज ठेवली नाही, आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरेसं केलं. तरी जून २०१८ मध्ये लखनौच्या पासपोर्ट कार्यालयात आंतरधर्मीय लग्न केलेल्या एका स्त्रीला तिच्या नावावरून अडवलं गेलं आणि त्यावर देशभर गदारोळ झाला. म्हणजे नियम दिल्लीत बदलतो, खिडकीवरचा माणूस तोच असतो. महाराष्ट्राने मार्च २०२४ मध्ये चांगला निर्णय घेतला: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही 'सध्याची पद्धत' चालू ठेवली. मिळकतीच्या कागदात लग्नाआधीचं नाव लावण्याची फक्त मुभा दिली. आई म्हणून तिचं नाव पुढे आलं, पण ते नाव कुठलं, हे नवऱ्यानेच ठरवायचं. त्याच वर्षी एका महिलेला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, कारण केंद्राच्या राजपत्रात माहेरचं नाव परत घ्यायचं तर घटस्फोटाचा हुकूम किंवा नवऱ्याची 'ना हरकत' मागितली जात होती. नाव घेताना कोणी हरकत विचारली नाही, सोडताना मात्र मालकाची परवानगी! जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पासपोर्टसाठी नवऱ्याची सही मागणाऱ्या कार्यालयाला फटकारलं आणि बायको ही नवऱ्याची मालमत्ता नाही हे बजावलं. २०२५ साली हे न्यायालयाला सांगावं लागतं.

तेव्हा परदेशातल्या आमच्या बहिणींना व्यवहाराचं एवढंच सांगतो. पासपोर्टच्या अर्जात जोडीदाराच्या नावाचा रकाना वेगळा आहे. तिथे नवऱ्याचं नाव लिहिलं की तुम्ही विवाहित आहात हे कळतं, त्यासाठी स्वतःचं नाव बदलावं लागत नाही. व्हिसासाठी नातं सिद्ध करायचं असेल तर विवाह नोंदणी करून घ्या. गावात ग्रामसेवकाकडे, मुदखेडसारख्या ठिकाणी नगर परिषदेत ती होते. नोंदणी करताना लग्नाआधीचं पूर्ण नाव शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे अक्षर न अक्षर लिहा. आधारवर घाईने सासरचं नाव चढवू नका. पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ज्यांनी आधीच बदललं आहे त्यांना आम्ही दोष देत नाही. मुलं झाली, घर घेतलं, कागद त्याच नावाने स्थिरावले, तर पुन्हा बदलण्याचा त्रास घ्यायचा की नाही हे त्यांनीच ठरवावं.

आणि मुदखेड-भोकर-उमरीच्या शाखांमधल्या कार्यकर्त्यांसाठी एक काम. विहारात लग्न लावल्यावर आपण जे छापील प्रमाणपत्र देतो, त्याचा नमुना काढून बघा. वधूच्या नावापुढे 'लग्नानंतरचं नाव' अशी ओळ असेल तर ती काढून टाका आणि तिथे दोघांच्याही आईच्या नावाची ओळ घाला. नव्या शंभर प्रती छापायला एका लग्नाच्या हारतुऱ्यांइतकाही खर्च येत नाही, आणि फुलं तर आपल्या तालुक्यात स्वस्तच आहेत.